फ्रेट फॉरवर्डरच्या पत्त्यावर माल पाठवण्याआधी: ऑनलाइन विक्रेत्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

ऑर्डर आली आहे, पैसे जमा झाले आहेत, पत्ता देशातलाच दिसतोय. फक्त दुसऱ्या ओळीत ‘सूट’ किंवा ‘युनिट’ लिहून त्यापुढे अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ आहे. असा पत्ता बहुतेक वेळा खरेदीदाराच्या घराचा नसतो. तो फ्रेट फॉरवर्डरच्या गोदामाचा असतो आणि तुमचं पार्सल तिथून पुढे दुसऱ्या देशात जाणार असतं.

ही व्यवस्था साधी आहे. परदेशातला ग्राहक फॉरवर्डरकडे खातं उघडतो. त्याला गोदामाचा पत्ता आणि स्वतःचा एक क्रमांक मिळतो. जी दुकानं परदेशात माल पाठवत नाहीत त्यांच्याकडून तो या पत्त्यावर खरेदी करतो. पार्सल गोदामात आलं की त्याच्या क्रमांकावर नोंद होते, वजन होतं, बऱ्याच ठिकाणी फोटोही निघतो. मग तीन-चार दुकानांची पार्सलं उघडून एका खोक्यात भरतात आणि ते खोकं विमानाने किंवा जहाजाने रवाना होतं. यात बेकायदेशीर काही नाही. असे ग्राहक बहुतेक प्रामाणिक असतात आणि दुर्मीळ सुटे भाग, संग्राह्य वस्तू किंवा जुने कॅमेरे विकणाऱ्यांना त्यांच्याकडून बरा धंदाही मिळतो.

अडचण पुराव्याची आहे. तुमच्या हातातलं ट्रॅकिंग गोदामाच्या दारात ‘पोचलं’ म्हणून संपतं. ग्राहकाचा तक्रार करण्याचा हक्क मात्र पुढे कित्येक महिने चालू राहतो. गोदामात खोकं उघडलं गेलं, वस्तू बदलली गेली, पुढच्या प्रवासात फुटली, तरी तक्रार येते ती तुमच्याच नावावर. म्हणून प्रत्येक ऑर्डरला विचारायचा प्रश्न एकच: उद्या वाद झाला तर मला काय सिद्ध करता येईल? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नासाठी आहेत.

पायरी १: पत्ता ओळखा

लेबल छापण्याआधी पत्त्याच्या दोन्ही ओळी नीट वाचा. सूट क्रमांकात पाच-सहा आकडे असतील, किंवा ग्राहकाच्या आडनावाला एखादा कोड चिकटवलेला असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. ज्या इमारतीत दोनशे खोल्याही मावणार नाहीत तिथे ‘सूट ४८२९१७’ कसा असेल? सूट क्रमांक वगळून उरलेला पत्ता नकाशावर टाका. विमानतळाजवळचं, ट्रकच्या रांगा असलेलं बैठं गोदाम दिसलं की उत्तर मिळालं. नुसता पत्ता अवतरणचिन्हांत टाकून शोधलात तर फॉरवर्डरचं स्वतःचं संकेतस्थळही अनेकदा समोर येतं.

अमेरिकेत विकत असाल तर राज्याकडेही बघा. डेलावेअर, ओरेगन आणि न्यू हॅम्पशायरमध्ये राज्याचा विक्रीकर नाही, म्हणून अनेक फॉरवर्डर तिथे गोदामं थाटतात. लॅटिन अमेरिकेकडे जाणारा माल मायामीच्या आसपास गोळा होतो. अमेरिकी टपाल खात्याच्या पिनकोड शोधात एखादा पत्ता खासगी टपालपेटी चालवणाऱ्या व्यावसायिक एजन्सीचा आहे का, हेही दिसतं. पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. घरी पार्सल चोरीला जातात म्हणून भाड्याची टपालपेटी वापरणारे स्थानिक लोकही भरपूर आहेत, आणि ऑफिसच्या इमारतीत ‘सूट ३०४’ असणं ही तर रोजची गोष्ट.

इथे एक महत्त्वाचा अपवाद आहे. ईबेने अमेरिकेत २०२२ मध्ये ‘ईबे इंटरनॅशनल शिपिंग’ सुरू केलं. त्यात तुम्ही पार्सल इलिनॉयमधल्या ग्लेनडेल हाइट्सच्या केंद्रावर पाठवता आणि पुढचा प्रवास ईबे बघतं. दिसायला तोही गोदामाचाच पत्ता आहे, पण तिथे माल व्यवस्थित पोचला की पुढच्या वाटेवरच्या हरवण्या-फुटण्याची जबाबदारी ईबेची. ग्राहकाने स्वतः निवडलेला फॉरवर्डर आणि मार्केटप्लेसने (ईबेसारख्या, अनेक विक्रेते विकतात त्या संकेतस्थळाने) नेमलेला फॉरवर्डर यांत विक्रेत्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. नवे विक्रेते घाबरून नेमक्या या सुरक्षित ऑर्डरी रद्द करतात, ते टाळा.

पायरी २: समोर कोण आहे याचा अंदाज घ्या

फॉरवर्डर आणि रीशिपर यांची गल्लत होते. फॉरवर्डर हा नोंदणीकृत व्यवसाय आहे. रीशिपिंगच्या फसवणुकीत मात्र एखाद्या साध्या घराचा पत्ता असतो. ‘घरबसल्या पार्सल तपासा, पुढे पाठवा, पगार मिळवा’ अशा जाहिरातीला भुललेला माणूस चोरीच्या कार्डावर घेतलेला माल स्वीकारतो आणि नवं लेबल चिकटवून परदेशी धाडतो. अमेरिकेची टपाल तपास यंत्रणा याबद्दल सतत इशारे देत असते. त्या घरच्या माणसाला अनेकदा आपण कशात अडकलोय याचा पत्ताही नसतो. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की गोदामाचा पत्ता दिसला म्हणजे धोका आहे आणि घराचा दिसला म्हणजे सुरक्षित, असं समीकरण मांडता येत नाही.

पत्त्यापेक्षा ऑर्डरची वागणूक जास्त बोलते. फॉरवर्डरमार्फत घेणारा खरा ग्राहक खर्चाचा विचार करतो, कारण पुढचं भाडं त्याच्याच खिशातून जाणार असतं. तो वजन विचारतो, खोक्याचं माप विचारतो, दोन वस्तू एकत्र पाठवता येतील का विचारतो. याउलट सर्वांत महागडी जलद डिलिव्हरी निवडायची, किमतीबद्दल अवाक्षर काढायचं नाही आणि ‘आज निघेल ना?’ असे तीन मेसेज टाकायचे, हे चोरीच्या कार्डाचं लक्षण आहे. चोराला कार्ड बंद व्हायच्या आत माल हवा असतो. गोदाम गाठायची घाई आणि पुढच्या भाड्याची बेफिकिरी एकत्र दिसली की हात आखडता घ्या.

त्याच वस्तूचे पाच-सहा नग एकदम, एका ऑर्डरसाठी लागोपाठ तीन कार्डं नाकारली जाऊन चौथं चालणं, ऑर्डरनंतर तासाभरात ‘पत्ता बदला’ अशी विनंती, ही बाकीची चिन्हं. फोन, लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड, ब्रँडेड बूट अशा सहज विकल्या जाणाऱ्या मालावर ती जास्त गंभीरपणे घ्या. जुन्या शिवणयंत्राचा गिअर कोणी चोरीच्या कार्डावर मागवत नाही.

पायरी ३: पेमेंट तपासा

हा भाग स्वतःच्या संकेतस्थळावरून विकणाऱ्यांसाठी आहे. मार्केटप्लेसवर विकणाऱ्यांनी थेट पुढच्या पायरीवर गेलं तरी चालेल.

कार्डाच्या पत्त्याची तपासणी, म्हणजे एव्हीएस, ही बिलिंग पत्त्यातले आकडे आणि पिनकोड बँकेच्या नोंदीशी ताडून बघते. ती प्रामुख्याने अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनच्या कार्डांसाठी चालते. परदेशी बँकेच्या कार्डावर बहुधा ‘तपासणी उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. ते उत्तर म्हणजे नापास नव्हे, तसंच पासही नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एव्हीएस बिलिंग पत्ता बघतं, माल जिथे जाणार तो पत्ता नाही. बिलिंग पत्ता तंतोतंत जुळला आणि माल गोदामात गेला, तर त्या हिरव्या खुणेने फारसं काही सिद्ध होत नाही.

‘मी ही खरेदी केलीच नाही’ असा दावा कार्डधारकाने केला की व्हिसा या कार्ड कंपनीच्या नियमांत तो १०.४ या क्रमांकाच्या कारणाखाली येतो. तिथे डिलिव्हरीचा पुरावा दुबळा पडतो, कारण माल कार्डधारकाच्या पत्त्यावर गेलेलाच नसतो. या एका धोक्यावर सर्वांत भक्कम उपाय म्हणजे थ्री-डी सिक्युअर. ग्राहकाने बँकेच्या ओटीपीने किंवा ॲपने ओळख पटवली, तर अशा फसवणुकीच्या दाव्याची जबाबदारी साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. फॉरवर्डरच्या पत्त्यावरच्या प्रत्येक ऑर्डरला ही पडताळणी सक्तीची करा, ग्राहक एखादा कमी झाला तरी चालेल. मात्र ‘माल मिळाला नाही’ किंवा ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या तक्रारींना तिचा काही उपयोग नाही.

जुन्या ग्राहकाची गोष्ट वेगळी. व्हिसाने एप्रिल २०२३ पासून आणलेल्या नियमानुसार त्याच कार्डावरचे आधीचे, किमान १२० दिवस जुने आणि वाद न झालेले दोन व्यवहार दाखवता आले आणि आयपी किंवा डिव्हाइससह दोन तपशील जुळले, तर १०.४ चा दावा परतवता येतो. जुळणाऱ्या तपशिलांत डिलिव्हरीचा पत्ताही धरतात. वर्षभर त्याच फॉरवर्डरच्या त्याच सूटवर घेणारा ग्राहक म्हणून तुलनेने सुरक्षित. त्यासाठी ऑर्डरच्या वेळचा आयपी आणि डिव्हाइसची नोंद किमान दीड वर्ष जपून ठेवा.

मुदतीही लक्षात असू द्या. बहुतेक कार्ड-वादांना १२० दिवस मिळतात. पण ‘माल मिळाला नाही’ या व्हिसाच्या प्रकारात हे दिवस माल अपेक्षित असलेल्या शेवटच्या तारखेपासून मोजतात आणि व्यवहारापासून कमाल मर्यादा ५४० दिवसांची आहे. फॉरवर्डरकडे पार्सल आठवडेच्या आठवडे पडून राहतं, बाकीची पार्सलं जमेपर्यंत ग्राहकही थांबतो. त्यामुळे या ऑर्डरींवरची तक्रार उशिरा येते, तुम्ही ती ऑर्डर विसरून गेलेले असता तेव्हा.

पायरी ४: मार्केटप्लेसचा नियम काय म्हणतो ते वाचा

ईबेच्या मनी बॅक गॅरंटीत स्पष्ट लिहिलंय की पहिल्या डिलिव्हरीनंतर ग्राहकाने माल दुसऱ्या पत्त्यावर पाठवला असेल तर त्याला संरक्षण नाही. कागदावर हा विक्रेत्याच्या बाजूचा नियम आहे. पण तो आपोआप लागू होईल या भरवशावर राहू नका. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ अशी केस नेहमीसारखीच उघडते, घड्याळ चालू होतं, आणि पत्ता फॉरवर्डरचा आहे हे तुम्हालाच मुदतीत दाखवून द्यावं लागतं. गोदामाच्या संकेतस्थळाचा स्क्रीनशॉट, ग्राहकाच्या मेसेजमधला ‘माझ्या देशात पोचल्यावर’ असा उल्लेख, परदेशातल्या प्लगसोबत काढलेला वस्तूचा फोटो, हे सगळं अशा वेळी कामाला येतं. म्हणूनच बोलणं मार्केटप्लेसच्या मेसेजमध्येच ठेवायचं. व्हॉट्सॲपवरचं संभाषण तिथे कोणी बघत नाही.

‘माल मिळाला नाही’ या तक्रारीत मात्र तुमची बाजू पक्की असते, फक्त ट्रॅकिंग ऑर्डरवरच्याच पत्त्यावर पोच दाखवत असलं पाहिजे. ७५० डॉलर आणि त्यापुढच्या रकमेला ईबे आणि पेपाल दोघांनाही सहीची पोच लागते. सही गोदामातल्या कर्मचाऱ्याची असेल, ते चालतं. पेपालचं विक्रेता संरक्षण व्यवहाराच्या तपशिलात दिसणाऱ्या पत्त्यावरच पाठवलं तर मिळतं आणि ते अनधिकृत व्यवहार व न मिळालेला माल एवढ्यापुरतंच आहे. वर्णनाशी न जुळणारा माल त्यात बसत नाही.

‘मी ज्या देशांत पाठवत नाही तिथल्या ग्राहकांना रोखा’ ही ईबेची सेटिंग फॉरवर्डरला अडवत नाही, कारण ती ग्राहकाच्या मुख्य डिलिव्हरी पत्त्यावर चालते आणि ग्राहकाने तिथे गोदामाचाच पत्ता टाकलेला असतो. ऑर्डर नकोच असेल तर ‘ग्राहकाच्या पत्त्यात अडचण’ हे कारण निवडून रद्द करा. ‘माल संपला’ हे कारण दिलंत तर तो डाग तुमच्या खात्यावर बसतो.

ग्राहकाने पत्ता बदलायला सांगितलं तर? रद्द करा आणि योग्य पत्त्यावर पुन्हा ऑर्डर करायला सांगा. पाकिटावर हाताने नवा पत्ता लिहून पाठवलंत की सगळं संरक्षण तिथेच संपलं.

पायरी ५: ‘माझा एजंट येऊन नेईल’ या निरोपाला थांबा

हा फॉरवर्डिंगच्या नावाखाली चालणारा वेगळाच खेळ आहे. फोनवर किंवा ईमेलवर कार्ड घेणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना तो जास्त गाठतो. ग्राहक मोठी ऑर्डर देतो आणि म्हणतो, माझ्या शिपिंग एजंटला कार्ड चालत नाही. तुम्ही माझ्या कार्डावर माल अधिक भाडं असे पैसे घ्या आणि भाड्याची रक्कम एजंटला ट्रान्सफर करा. कार्ड चोरीचं असतं आणि एजंट म्हणजे तो स्वतःच. काही दिवसांनी पूर्ण रक्कम चार्जबॅकने, म्हणजे कार्डधारकाच्या तक्रारीवरून बँकेने पैसे मागे घेतल्याने, परत जाते, माल गेलेला असतो आणि खिशातून दिलेलं ‘भाडं’ही.

याचाच सौम्य अवतार म्हणजे ग्राहकाने स्वतःचं लेबल पाठवणं. लेबल ज्याच्या खात्यावरचं, पार्सलचा ताबा त्याच्या हातात. तो वाटेत पत्ता वळवू शकतो आणि तुमच्याकडे पोच राहत नाही. लेबल नेहमी तुमच्या खात्यावरचंच वापरा. मोठ्या कुरिअर कंपन्यांकडे डिलिव्हरीचा पत्ता ग्राहकाला मधेच बदलता येणार नाही अशी सोयही मागता येते. महाग मालाला ती घ्या.

पायरी ६: पाठवायचं ठरलं तर पुरावा बांधून पाठवा

आधी एक छोटा मेसेज टाका. मी साधारण असा लिहितो: ‘तुमचा पत्ता फॉरवर्डिंग सेवेचा दिसतो. आम्ही याच पत्त्यावर विमा आणि ट्रॅकिंगसह पाठवत आहोत. तिथे पोचल्यानंतर पुढच्या प्रवासातलं नुकसान कृपया फॉरवर्डरकडे नोंदवा. पार्सल आत घेताना ते खोकं उघडून फोटो काढत असतील तर ती सोय चालू ठेवा.’ खरा ग्राहक ‘हो’ म्हणतो, आणि ते ‘हो’ लेखी राहतं. उत्तरच आलं नाही किंवा उगाच चिडकं आलं, तर तीही माहितीच आहे.

मग टेबल रिकामं करून वस्तूचा अनुक्रमांक वाचता येईल असा जवळून फोटो घ्या. फोन असेल तर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), लेन्स असेल तर कडेवरचा नंबर, घड्याळ असेल तर मागची बाजू. वस्तू चालू स्थितीत दाखवणारा छोटा व्हिडिओ काढा. खोकं बंद करताना चिकटपट्टीवरून मार्करने अशी एक रेघ ओढा की पट्टी उचकटली तर रेघ तुटेल. शेवटी बंद खोकं काट्यावर ठेवून वजन आणि लेबल एकाच फोटोत येऊ द्या.

वजनाचा हा फोटो किरकोळ वाटतो, पण याच प्रकारच्या वादात तो वाद मिटवतो. समजा तुमच्या काट्यावर १.८४ किलो आहे आणि कुरिअरच्या नोंदीतही तेवढंच. फॉरवर्डरही पार्सल आत घेताना वजन करतो, कारण त्याचं भाडंच त्यावर ठरतं. ग्राहक म्हणाला ‘खोकं रिकामं होतं’, तर त्याच्या फॉरवर्डर खात्यातली आवक नोंद मागा. तिथेही १.८ किलो दिसलं तर माल तुमच्याकडून पूर्ण गेला होता हे त्याच्याच कागदावरून ठरतं.

बांधणी दुहेरी करा. तुमचं बाहेरचं खोकं गोदामात फेकून देण्याची शक्यता मोठी, तेव्हा आतलं खोकं एकट्याने धक्के सोसेल असं हवं. माल लिथियम बॅटरीचा असेल तर वर्णनात आणि चिठ्ठीवर तसं लिहा. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे, आणि अत्तर, स्प्रे, रंग अशा ज्वलनशील वस्तूही अडतात. गोदामाने असं पार्सल अडकवलं की ग्राहक पैसे परत मागायला तुमच्याकडे येतो.

बिल खऱ्या किमतीचंच द्या. ‘गिफ्ट लिहा, किंमत कमी दाखवा’ ही विनंती सीमाशुल्क चुकवण्यासाठी असते. शिवाय कमी रकमेच्या बिलावर विम्याचा दावाही तेवढाच कमी मिळतो. तसंच ‘माल बाहेरच जाणार, तर कर वगळा’ हेही ऐकू नका. तुम्ही माल देशातल्या पत्त्यावर दिलाय. निर्यातीचा पक्का पुरावा हातात नसताना शून्य कर लावला तर तो नंतर तुमच्याकडून वसूल होऊ शकतो.

पायरी ७: निर्यात कायद्याची चाळणी

छोटे विक्रेते हा भाग सर्रास सोडून देतात. पुस्तकं-कपडे विकणाऱ्यांनी सोडला तरी फारसं बिघडत नाही. पण थर्मल कॅमेरे, नाइट व्हिजन, बंदुकीच्या दुर्बिणी, ड्रोनचे भाग, काही चिप्स आणि मोजमापाची प्रगत उपकरणं विकत असाल तर इथे चार्जबॅकपेक्षा मोठं संकट आहे.

अमेरिकेच्या वाणिज्य खात्याचा उद्योग आणि सुरक्षा विभाग धोक्याच्या खुणांची यादी प्रसिद्ध करतो. त्यात ‘मालाचं अंतिम ठिकाण म्हणून फॉरवर्डिंग कंपनीचं नाव’ ही खूण स्वतंत्रपणे दिली आहे. माल परवान्याशिवाय निषिद्ध ठिकाणी जाणार हे माहीत असताना, किंवा तशा खुणा दिसत असूनही डोळेझाक करून विकला, तर ‘मी देशातल्याच पत्त्यावर पाठवला’ हा बचाव टिकत नाही. एका वर्गवारीतला माल २,५०० डॉलरच्या वर गेला किंवा परवाना लागत असला, तर निर्यातीची इलेक्ट्रॉनिक नोंदही करावी लागते. ती खरेदीदाराच्या वतीने फॉरवर्डर करणार असेल तर कोण करणार हे आधी लेखी ठरवा.

अशा मालाच्या खरेदीदाराला सरळ विचारा: अंतिम देश कोणता, वापरणारा कोण, कशासाठी? उत्तर टाळलं तर ऑर्डर रद्द. इथे गिऱ्हाईक दुखावेल याची भीड बाळगू नका.

पायरी ८: तक्रार किंवा परतीची मागणी आली की

पहिल्या दिवशी पैसे परत करू नका आणि भांडूही नका. फोटो मागा: वस्तूचा, अनुक्रमांकाचा, आणि ज्या खोक्यात ती हातात पडली त्याच्या लेबलाचा. लेबलवर फॉरवर्डरचं नाव आणि परदेशी पत्ता दिसला की माल पुढे गेला हे ग्राहकानेच सिद्ध केलं.

चूक खरोखर तुमची असेल, चुकीचा आकार गेला असेल, तर नियमाआड लपू नका. पण परतीचं लेबल ज्या पत्त्यावर माल दिला तिथून निघतं, म्हणजे गोदामातून. परदेशात बसलेल्या ग्राहकाला देशांतर्गत लेबलचा काही उपयोग नसतो आणि परतीचं आंतरराष्ट्रीय भाडं कधीकधी वस्तूपेक्षा महाग पडतं. अशा वेळी वस्तू त्याच्याकडेच ठेवून किमतीचा काही भाग परत देणं बहुधा दोघांनाही स्वस्त पडतं. तडजोड मार्केटप्लेसच्या मेसेजमध्ये आणि रकमेच्या आकड्यासह लिहा.

हे सगळं दर वेळी समजावत बसायचं नसेल तर दुकानाच्या शिपिंग धोरणात आधीच टाका: ‘फॉरवर्डिंग सेवेच्या पत्त्यावरील ऑर्डर ओळख पडताळणीनंतर पाठवल्या जातात. त्या पत्त्यावर पोच झाल्यावर आमची वाहतुकीची जबाबदारी संपते. परतीचा माल त्याच पत्त्यावरून स्वीकारला जाईल.’ या मजकुरावर मार्केटप्लेसचे आणि ग्राहक संरक्षणाचे नियम वरचढच राहतात, पण कार्डाच्या वादात तो जोडता येतो. मात्र खरेदीच्या आधी ग्राहकाने तो पाहून मान्य केल्याची नोंद हवी. म्हणून चेकआउटच्या पानावर टिक करायची चौकट ठेवा, आणि मजकूर बदलाल तेव्हा जुनी आवृत्ती तारखेसह जपून ठेवा, कारण बँकेला खरेदीच्या दिवशी लागू असलेला मजकूर हवा असतो.